पोट दिसायला लागलं तेव्हा

"कले, माझं ऐक. तू चार दिस भाईर बस."

अनसूकाकू हे म्हणाली तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. अनसूकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराची बायको. माझी आई गेल्यापासून तिने मला निम्मीअधिक वाढवली होती, आणि तेवढ्या हक्काने ती आमच्या घरात न विचारता आत येत असे. त्या दिवशी मात्र ती उंबऱ्यावरच थांबली होती.

"भाईर म्हंजी कुठं?" मी विचारलं. मला कळलं नव्हतं असं नाही, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"सोप्यात, दाराजवळ. घोंगडं टाकून बस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल आसं. पाचव्या दिवशी डोक्यावरनं न्हा, की गावाचं त्वांड बंद."

"पर काकू, माजी पाळी मागल्याच आठवड्यात होऊन गेली की."

"तू म्हणतीयास. बगितलं कुणी?"

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. त्या काळी आमच्या विट्याच्या बाजूला बाईला कावळा शिवला की ती चार दिवस सोप्याच्या कोपऱ्यात बसायची. तिने कशाला हात लावायचा नाही, तिला कुणी शिवायचं नाही. त्यामुळे कुठल्या घरातली कोण कधी बसते, हे पोस्टमनपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्या गावाला पाठ. एखादी नवी नवरी दोनदा बसली नाही की बायका न विचारता तिच्या हातावर चिंचा ठेवायच्या. सगळं काही उघड्यावर, आणि तरीही त्याविषयी कुणी बोलायचं नाही, अशी ती मजा होती.

आमच्या घरात मात्र ही रीत नव्हती. माझे वडील, सोपान पतंगे, गावचे शिंपी. मी त्यांना आप्पा म्हणत असे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं आणि घरात आम्ही दोघंच. आई गेल्यावर वर्षभराने मला पहिल्यांदा कावळा शिवला, तेव्हा मी रडतरडत आप्पांना सांगितलं की आता मी बाहेर बसते. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "तू भाईर बसल्यावर भाकरी कोण टाकायची? गावातल्या समद्या बायांच्या चोळ्या माज्या हाताखालनं जात्यात. कोण कवा बसलीवती ते सुईला कधी कळलं न्हाई. मग तव्याला कशानं कळतंय? ऊठ." ही सुधारणा होती की भूक, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण मी ती सुधारणा म्हणूनच मिरवली. "आमच्या घरात कावळा शिवत नाही," असं मी मैत्रिणींना नाक वर करून सांगायची.

आता तेच नाक अडचणीत आलं होतं. मला बाहेर बसलेलं गावात कुणी कधीच पाहिलं नव्हतं, आणि माझं पोट दिसायला लागलं होतं.

खरं म्हणजे पोट मला जन्मापासूनच होतं. हातपाय काड्या आणि मधे घागर, असं माझं ध्यान. पहाटे बायका टमरेलं घेऊन घोळक्याने ओढ्याकडे निघायच्या, तेव्हा मला कुणी हाक मारत नसे. "कलीचं काय, तिचं सणासुदीला," असं म्हणून त्या हसायच्या. मी आठवड्यातून एकदा जायची, कधी दोन आठवडे नाही. लहानपणी आईने एरंडेल पाजलं, साबणाच्या वाती केल्या, गरम पाणी प्यायला दिलं. कुणाला कमी बोलायची सवय असते तशी मला ही सवय, एवढंच मी समजून चालले होते. माझं काही अडत नव्हतं.

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी मात्र पोट ऐकेना. ते वाढत गेलं, डावीकडून टणक झालं. परकराची नाडी बसेना. आप्पांनी माझ्या चोळ्या दोनदा उसवून सैल केल्या. सकाळी उठलं की मळमळायचं, कधी उलटी व्हायची. आता तुम्हीच सांगा, बिनलग्नाची मुलगी, सकाळी ओकते, पोट पुढे येतंय आणि बाहेर बसलेली कुणी बघितली नाही. मी गावातली दुसरी कुणी असते तर मीही पदराआड तेच बोलले असते. संशयित म्हणून तिघांची नावं घेतली जात होती. त्यातल्या एकाला मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटायचं.

माझी सुपारी कऱ्हाडच्या एका घरात फुटली होती. त्यांचा निरोप आला की मुहूर्त पुढे बघू. आप्पांच्या दुकानात चोळ्या टाकायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. अनसूकाकू त्या दिवशी आली ती हे सगळं पाहून, पोटतिडकीने.

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. आप्पा गळ्यात टेप घेऊन आत आले.

"अनसूवैनी, माज्या घरात कुणी भाईर बसायचं न्हाई."

"अवो भावजी, खरंखुरं कुठं? खोटं बसायचंय."

"खरं बसवलं न्हाई, आन् खोटं कशाला बसवू?"

"मग तुमीच सांगा गावाला काय सांगायचं. तुमाला तरी ठावं हाय का, काय हाय ते?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग पोटाकडे, मग तव्याकडे. "भाकरी करपतीया," एवढंच ते म्हणाले आणि दुकानात गेले. मशीन पुन्हा सुरू झालं.

माझी छाती अशी फुगली म्हणता. आप्पांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारायची गरजच त्यांना वाटत नव्हती, असा मी अर्थ लावला. त्यांनी विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही. गाव एका बाजूला आणि आप्पा माझ्या बाजूला, मग मला कुणाची भीती? त्या दिवसापासून मी पाण्याला मुद्दाम सकाळचं जाऊ लागले, आडावर गर्दी असताना. बायका बाजूला सरायच्या, मी घागर बुडवायची आणि ताठ मानेने परत यायची. पोट दुखत असायचं, पण मान ताठ.

चैत्रात एके दिवशी पोट नगाऱ्यासारखं ताणलं. बोटाने टिचकी मारली तर आवाज यायचा. पाणी प्यायलं तरी हिरवं होऊन बाहेर पडू लागलं, खालून तर वारासुद्धा सरेना. सकाळपासून मी भिंतीला धरून वाकून उभी होते. अनसूकाकू धावत आली, माझं कपाळ दाबत राहिली आणि हळूच आप्पांना म्हणाली, "भावजी, म्हादूची बैलगाडी सांगते. वड्याच्या वाटंनं फाट्यावर जावा, तिथं गाडी धरा. आज बाजार हाय. भर पेठंतनं कशाला नेताय पोरीला?"

आप्पा टोपी घालत होते. म्हणाले, "दहाची येस्टी पेठंतनंच मिळती."

आमच्या घरापासून एसटी थांब्यापर्यंतची वाट म्हणजे सगळी बाजारपेठ. त्या दिवशी दोन्ही बाजूंना मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या गाड्या, आजूबाजूच्या वाड्यांवरून आलेली माणसं. घरातून बाहेर पडताच आप्पांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. आमच्या गावात बाप वाढत्या वयाच्या मुलीला चारचौघांत हात लावत नाही. मी दचकलेच. पण तो हात तिथून हलला नाही. आम्ही चालू लागलो तसा पुढचा बाजाराचा आवाज विझत गेला. आम्ही गेलो की मागे पुन्हा सुरू व्हायचा.

हॉटेलाच्या बाकावरून तेलाच्या घाण्याचा मालक म्हणाला, "सोपानराव, लेकीला घिऊन कुठं?"

तो विचारतोय ते दुसरंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा थांबले. एरवी हळू बोलणारा हा माणूस चढ्या आवाजात म्हणाला, "मिरजंला. मोठ्या दवाखान्यात. लेकीचं पोट दुखतंया, दिसत न्हाई व्हय?"

घाणेवाल्याने बशीत तोंड घातलं. पुढे वडाखाली मला उलटी आली. आप्पांनी माझं कपाळ धरलं, काकड्या विकणाऱ्या बाईच्या तांब्यातलं पाणी मागून माझं तोंड धुतलं, आणि आम्ही पुन्हा चालू लागलो. खरं सांगू? इतक्या कळा येत असूनही मला त्या चालण्याचा अभिमान वाटत होता. बघा म्हणावं, माझ्या बापाचा माझ्यावर किती भरवसा आहे ते. मला वाटलं होतं, मेले तरी अशीच ताठ मरेन.

एसटीत एका बाईने सरकून जागा दिली. माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "कितवा गं?"

"म्हैना न्हाई मावशी, दुखणं हाय."

"आसतंय, आसतंय," ती समजुतीने म्हणाली. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मिरजेला पोचेपर्यंत मला धड उभं राहता येत नव्हतं. हॉस्पिटलात हर्डीकर नावाचे बुटके, जाड चष्म्याचे सर्जन होते. त्यांनी मला टेबलावर घेतलं, तेव्हा आप्पांनी त्यांचा हात धरला. शिंप्याच्या हाताने डॉक्टरांचा हात धरावा, हे त्या काळी धाडसच होतं. म्हणाले, "डॉक्टर, पोटात काय बी निघू द्या. माज्यापाशी लपवू नगा. फकस्त लेक वाचली पायजे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि माझं पोट तपासायला घेतलं. डावीकडच्या टणक गोळ्यावर त्यांनी बोट रोवलं, काढलं, आणि वाकून बघत राहिले. मग पुन्हा रोवलं.

"सिस्टर, हे बघा. खड्डा तसाच राहतो. कणकेत बोट घातल्यासारखा."

"म्हणजे मळ?" सिस्टर म्हणाल्या.

"सगळा मळ. वर्षानुवर्षांचा."

आप्पांनी विचारलं, "म्हंजी... पोटात दुसरं काय न्हाई?"

"दुसरं काय असणार? गरोदर नाही तुमची मुलगी, तसं विचारायचं असेल तर. पण हे त्याहून वाईट आहे. आतडं कधीही फुटेल."

आप्पा खाली बसले. खुर्ची जवळच होती, पण ते फरशीवर बसले. आतडं फुटेल हे ऐकून त्यांचे पाय गेले, असं मला वाटलं.

डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "एक आठवून सांगा. ही जन्मली तेव्हा पहिल्यांदा शी कधी केली? पहिल्या दिवशी?"

असलं कुठल्या बापाला ठाऊक असतं? आई असती तर तिने सांगितलं असतं. पण आप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पाचवीला. पाचवी पुजायची म्हणून हिच्या आईनं पाट मांडलावता. पोरीचं पोट फुगलंय म्हणून ती रडाया लागली. सुईणीनं एरंडेलाचं बोट चाटवलं, तवा कुठं झाली. मग हिची आई एकदम हसली आन् म्हनली, सटवाई पावली. म्हणून ध्यानात हाय."

"झालं तर," डॉक्टर उठत म्हणाले. "जन्मापासूनचं आहे."

त्यांनी खालून पांढरं औषध भरून फोटो काढला आणि तो खिडकीच्या काचेवर धरून आम्हाला दाखवला. खाली, बाहेर पडायच्या वाटेवर, आतडं बोटाएवढं बारीक होतं. त्याच्यावर मात्र ते माझ्या मांडीएवढं फुगून सगळं पोट व्यापून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, शेवटच्या या तुकड्यात जन्मतःच नसांचं जाळं नाही, त्यामुळे तो कधी सैल पडत नाही. वरचं आतडं बिचारं सतरा वर्षं मागून ढकलतंय, ढकलून ढकलून एवढं झालंय. खरा आजारी तो बारका तुकडा, आणि दिसतं ते फुगलेलं.

"एवढं माज्यात मावलं कसं?" मी विचारलं.

"तेच मीही विचारतोय," डॉक्टर म्हणाले आणि हसले. मग त्यांनी पुढचं सांगितलं. आज पोटावर डाव्या बाजूला एक वाट काढायची, मळ तिथून बाहेर येऊ द्यायचा. आतडं आकसलं की काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, त्यात तो निकामी तुकडा काढून वाट जिथल्या तिथे जोडायची आणि पोटावरची बंद करायची. तोवर शी पोटावरून होईल.

"जगंल ना?" आप्पांनी विचारलं.

"आज केलं तर जगेल. उद्यावर टाकलं तर सांगता येत नाही."

"मग बोलत कशाला उभं राहिलाय?" आप्पा म्हणाले. डॉक्टरांना असं बोललेलं मी तेवढंच ऐकलं.

जाग आली तेव्हा सगळ्यात आधी मला हलकं वाटलं. दुखत होतं, ओठ कोरडे होते, पण आतलं ओझं गेलं होतं. पोटाच्या डाव्या बाजूला लालसर, ओलसर गोंड्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं होतं. ते माझंच आतडं होतं. हल्ली त्यावर लावायला पिशव्या मिळतात. तेव्हा आमच्यासारख्यांना फडकीच. मऊ कापडाची घडी ठेवायची, भरली की काढायची, धुवायची, दुसरी ठेवायची.

मार्था सिस्टर ड्रेसिंगला आल्या. म्हणाल्या, "घरून जुनं मऊ कापड आणलंय का? हे खरखरीत लावलं तर कातडी सोलवटेल."

आप्पा चहा आणायला गेले होते. खाटेखाली त्यांची पिशवी होती. मी म्हटलं, बघा त्यात, शिंप्याच्या पिशवीत कापड नसेल असं व्हायचं नाही.

सिस्टरनी पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू माझ्या पांघरुणावर ठेवत गेल्या. मऊ कापडाचे घडी घातलेले चौकोन, गठ्ठाभर. दोन दुपटी. एक कुंची. आणि चार छोटी झबली.

"अगं बाई, कुणाचं बाळ आहे?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

मी एक झबलं उचललं. तान्ह्या मुलाचं पहिलं झबलं उलट्या शिवणीचं असतं. शिवण बाहेरच्या अंगाला, मुलाला टोचू नये म्हणून. टीप एवढी बारीक आणि सरळ की दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. कापडही मी ओळखलं. आईचं जांभळं लुगडं, जे ट्रंकेच्या तळाशी होतं आणि ज्याला आप्पा मला हात लावू देत नसत.

माझ्या काय लक्षात आलं ते मी सांगायला नको. सिस्टर गेल्या आणि आप्पा पेला घेऊन आले. झबलं माझ्या हातात होतं.

"आप्पा, ही कुणाची?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "शिवून ठिवलीवती. लागली असती तर."

"म्हंजी तुमाला बी तसंच वाटत हुतं."

"व्हय."

ते नाही म्हणतील, काहीतरी सारवासारव करतील, असं मला वाटलं होतं. निदान मान खाली घालतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"माज्यावर इस्वास न्हवता तुमचा."

"न्हवता," आप्पा म्हणाले. "तुजं माप माज्याच हातात हुतं की गं. दर म्हैन्याला टेप वाढतीया. मी बाप्या माणूस, इचारू तरी कसं? आई असती तर तिनं इचारलं असतं."

"मग भर बाजारातनं कशापायी आणलंत? माज्या खांद्यावर हात टाकून? वड्याच्या वाटंनं आणायचं हुतं."

"आणलं असतं. पर मग येताना काय करायचं? येताना पोर घिऊन त्याच बाजारातनं जायाचं हुतं. म्हनलं, जातानाच सुरुवात करावी."

मला राग आला. आज त्याला राग म्हणायला जड जातं, पण तो रागच होता, चांगला कडक. आडावर, बाजारात, एसटीत मी ज्याच्या जिवावर ताठ चालले होते ते माझ्याकडे नव्हतंच. गावाने माझ्याविषयी जे मानलं तेच माझ्या बापानेही मानलं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनीही मनधरणी केली नाही. ब्लेड घेऊन ते खाटेशेजारी बसले आणि एकेक झबलं उसवू लागले. शिंपी कापड फाडत नाही. टीप उसवून त्यांनी प्रत्येक तुकडा सपाट केला, कडा दुमडल्या आणि माझ्या पोटावर ठेवायच्या घड्या केल्या.

ती फडकी तेच धुवायचे. खिडकीतून खालचा नळ दिसायचा. तिथे बाळंतिणींच्या आया आणि सासवा बाळोती धुवायला बसायच्या, आणि त्यांच्या रांगेत टोपी घातलेला एकटा पुरुष, माझी बादली घेऊन. बायका त्याला जागा करून द्यायच्या. एकदा एकीने काहीतरी विचारलं, तेव्हा आप्पा माझ्या खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी बोलले आणि पुन्हा फडकं घासू लागले. माझी घाण, त्यांचे ते बारीक टीप घालणारे हात. दोन दिवस मी हे भिंतीकडे तोंड करून न बघण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी मला ते झेपेना. ते वर आल्यावर मी म्हटलं, "आप्पा, तुमी जेवलाय का?"

"न्हाई."

"मग जावा की. मी कुठं पळून जातीय?"

आमचं भांडण तिथे मिटलं. माझ्यावर भरवसा ठेवणारी माणसं मला पुढे पुष्कळ भेटली, ज्याच्याशी लग्न केलं तो इस्लामपूरचा शिंपीही त्यातलाच. भरवसा नसताना शेजारी उभा राहिलेला माणूस मात्र मी एकच पाहिला.

महिन्याभराने आम्ही घरी आलो. दुसरं ऑपरेशन श्रावणात व्हायचं होतं. येताना बाजाराचा दिवस नव्हता, तरी बघणारे होतेच. माझं पोट सपाट, आप्पांच्या हातात पिशवी आणि मूल कुठेच नाही, एवढं गावाने टिपलं. कऱ्हाडचे लोक परत आले नाहीत, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दुकानाच्या दारापासून समोरच्या खांबापर्यंत, ऐन रस्त्यावर, दोरी बांधली. धुतलेली फडकी ते तिच्यावर ओळीने घालू लागले. जांभळ्या लुगड्याचे ते चौकोन वाऱ्यावर हलायला लागले, तेव्हा मला जे दिसलं तेच रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसलं. नुकतं मूल झालेल्या घराच्या दारात असतं ना, अगदी तसंच.

अनसूकाकू धावत आली. मला आत ओढून कुजबुजत म्हणाली, "कले, माज्यापाशी लपवू नगं. पोर कुठं ठिवलं? मिरजंलाच?"

मी पदर बाजूला केला, घडी उचलली आणि तिला दाखवलं. तिने तोंडावर हात घेतला. मग जवळ येऊन वाकून नीट पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "दुखतंय का गं?" ती म्हणाली.

"हात लावला तरी कळत न्हाई. भोवतीची कातडी तेवढी झोंबती."

तिने डोळे पुसले आणि तरातरा बाहेर गेली. मी बादली घेऊन तिच्या मागोमाग गेले. रस्त्यावर दोघीतिघी थबकल्या होत्या आणि दोरीकडे बघत होत्या.

"भावजी, पोरीचा जीव वाचला, लई ग्वाड झालं," काकू खालच्या आवाजात म्हणाली. "पर ही फडकी तरी मागल्या दारी वाळत घाला. रस्त्यानं जाणारं माणूस काय समजंल?"

आप्पांनी हातातलं फडकं झटकलं, दोन्ही टोकं जुळवून दोरीवर टाकलं आणि हाताने सपाट केलं.

"मागल्या दारी ऊन येत न्हाई, वैनी," ते म्हणाले. "वल्लं ऱ्हायलं तर तिला चिघळंल."

त्यांनी न बघता माझ्याकडे हात पुढे केला. मी बादलीतलं पुढचं फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं.